इंग्रजी पहिली : चार पिढ्यांचा एक धडा

गेल्या उन्हाळ्यात घरभेटींच्या निमित्ताने आम्हांस जळकोट तालुक्यातील एका खेड्यात जाण्याचा योग आला. जळकोट हे लातूर जिल्ह्यातील, नांदेडच्या शिवेला लागून असलेले डोंगराळ आणि कोरडवाहू मुलुखातले गाव. आपल्या श्रद्धावंतांची घरे या भागात विरळ. एका घरी प्रार्थना झाली, चहा आला, आणि यजमानांनी मोठ्या कौतुकाने आपल्या सात वर्षांच्या मुलीला पुढे बोलावले. "फादरला इंग्लिश म्हणून दाखव."

मुलीने हात मागे बांधले आणि एका दमात 'ए फॉर ॲपल'पासून 'झेड फॉर झेब्रा'पर्यंत मजल मारली. मग बारा महिने, सात वार, दहा रंग. आम्ही विचारले, "व्हॉट इज युवर नेम?" तिने खणखणीत आवाजात नाव सांगितले. शेजारी तिची धाकटी बहीण बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून आम्ही विचारले, "व्हॉट इज हर नेम?" मुलीने पुन्हा स्वतःचेच नाव सांगितले. आम्ही तोच प्रश्न सावकाश विचारला; तिनेही तेच उत्तर सावकाश दिले.

घरातील कोणाच्या हे ध्यानात आले नाही. आले ते एकट्या पणजोबांच्या. नव्वदीला टेकलेले ते गृहस्थ खाटेवरून म्हणाले, "फादर, आमालाबी मास्तर असंच घोकून घ्यायचे. अलिफ, बे, पे, ते. तोंडाला यायचं, पर डोक्यात काय जायचं न्हाई." आणि त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी पाठ केलेली उर्दू अक्षरमाला न अडखळता म्हणून दाखविली.

त्या घरात चार पिढ्या नांदत होत्या. पणजोबा निजामी अमलात चार यत्ता शिकलेले. आजोबांची दहावी इंग्रजीत अडकली ती कायमची. वडील बारावी झालेले, पण इंग्रजी अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणारे. आणि ही चिमुरडी, जिच्या शाळेच्या फीसाठी गेल्या वर्षी एक म्हैस विकली गेली. परतीच्या वाटेवर आमच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. आपल्या मुलांना परकी भाषा शिकविण्याचा उद्योग आपण एवढा काळ करीत आहोत. मग एवढ्या काळात आपण शिकलो काय? प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा शोध होय.

दप्तरातील भाषा

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. परकी भाषा म्हटली की आपणांस धडकी भरते. परंतु शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मराठी मुलाचे दप्तर उघडून पाहावे. 'दप्तर' हा शब्दच फारसी. त्यातील 'कागद' फारसी, 'शाई' फारसी. मास्तर घेतात ती 'हजेरी' अरबीवरून आलेली. घरी आल्यावर ज्याने हात धुवावयाचे तो 'साबण', पाणी ज्यात भरावयाचे ती 'बादली' आणि दाराची 'चावी' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. आपला 'नाताळ' आणि आपला 'पाद्री' हेही त्यांचेच देणे. आणि 'पेन', 'टेबल', 'बस', 'तिकीट', 'डॉक्टर' हे तर इंग्रजीच. तरीही जळकोटच्या बसस्थानकावरील शेंगदाणे विकणाऱ्या बाईस हे शब्द परके आहेत असे सांगितले, तर ती आपणांस वेड्यात काढील.

हे शब्द कोणी घोकले नाहीत. ती वस्तू हाती आली आणि तिच्याबरोबर शब्दही आला. अर्थ आधी, शब्द मागाहून. भाषा घरात शिरते ती या दाराने. शाळेने मात्र शब्द आधी दिला आणि अर्थाचे पुढे पाहू म्हटले. आमच्या अल्पमतीप्रमाणे दुखण्याचे मूळ येथेच आहे. इतिहासात जेथे जेथे हा क्रम सुधारला, तेथे तेथे शिकणे सोपे झाले.

उलट्या दिशेचा विद्यार्थी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांचा विचार करताना मराठी शिकलेल्या एका इंग्रजाची आठवण येणे आपल्या वाचकांना स्वाभाविक वाटेल. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले. त्या वेळी ते तीस वर्षांचे होते. पुढील चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, त्यांचे आयुष्य मुख्यत्वे गोव्यातील साष्टीच्या खेड्यांत गेले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, हे आपण जाणतोच. मात्र त्यांनी कोंकणी भाषेचे व्याकरणही लिहिले आणि ते त्यांच्या पश्चात १६४० साली प्रसिद्ध झाले, याकडे आपले तितकेसे लक्ष जात नाही. भारतीय भाषेच्या छापील व्याकरणांत ते अगदी पहिल्या काहींपैकी एक गणले जाते.

स्टीफन्स ही भाषा कशी शिकले असतील? त्यांच्यापुढे ना पाठ्यपुस्तक होते, ना शब्दकोश. परंतु १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक निरीक्षण नोंदविले आहे. येथील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांना आढळले होते. पुढे दोनशे वर्षांनी विद्वानांनी ज्यावर तुलनात्मक भाषाशास्त्राची इमारत उभारली, त्याची ही पहाट होती. नवी भाषा शिकताना स्टीफन्स यांनी आपली जुनी भाषा दाराबाहेर ठेवली नाही. जे ठाऊक होते त्याच्या आधारे जे ठाऊक नव्हते ते त्यांनी समजून घेतले.

याचा एक लहानसा अनुभव आम्हांसही आहे. आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलो, मराठी शाळेत, तेही फळ्यावरून उतरवून. सेमिनरीत गेलो तेव्हा सगळे अध्ययन इंग्रजीतून. पहिल्या आठवड्यात एका वडीलधाऱ्या फादरांनी विचारले, घरी कोण कोण असते? 'मला दोन भाऊ आहेत' हे सांगावयाचे होते. आम्ही म्हणालो, "टू मी टू ब्रदर्स आर." वर्गात हशा पिकला. त्या हशाने आमची जीभ कित्येक महिने टाळ्याला चिकटून राहिली.

पुढे लॅटिनचे प्राथमिक पाठ सुरू झाले आणि एका वाक्याने आम्ही थबकलो. 'माझ्याजवळ पुस्तक आहे' हे लॅटिनमध्ये 'मिही एस्त लिबेर' असेही म्हणता येते. 'मिही' म्हणजे 'मला', 'एस्त' म्हणजे 'आहे', 'लिबेर' म्हणजे 'पुस्तक'. म्हणजे आमची चूक ही मूर्खपणा नव्हता. ती मराठी होती, आणि लॅटिनच्या पंगतीत बसणारी होती! मराठीत 'हॅव' या अर्थाचे क्रियापदच नाही. मराठी माणूस 'मला भाऊ आहे' म्हणतो, 'माझ्याकडे पुस्तक आहे' म्हणतो, 'माझ्याजवळ पैसे आहेत' म्हणतो, 'मला ताप आहे' म्हणतो. इंग्रज माणूस या साऱ्या ठिकाणी 'आय हॅव' म्हणून मोकळा होतो. एवढे कोणी पाचवीतच मराठीतून सांगितले असते, तर तो हशा टळला असता.

व्याकरण मराठीतून

असे सांगणारे कोणी नव्हतेच असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात हे काम मोठ्या निष्ठेने झाले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला. मोल्सवर्थ आणि मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही शब्दांच्या जातींची मांडणी त्यानंतर मराठी शाळांत रुळली, आणि पुढे इंग्रजी व्याकरण शिकताना तीच शिडी मुलांच्या उपयोगी पडली. त्याच आडनावाच्या 'भाषांतर पाठमाले'ने तर मराठी घरांत अनेक पिढ्या राज्य केले. थोडे शब्द, एक नियम, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करावयाची वाक्ये, हा तिचा शिरस्ता. पुढे १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड इंग्रजी व्याकरण आले व शहरी शाळांत त्याचा दरारा बसला. ते मुळात इंग्रजी घरीच बोलणाऱ्या मुलांची गरज पाहून रचलेले होते, तर पाठमाला मराठी बोलणाऱ्या मुलासाठी. ज्यांच्या घरी इंग्रजीचा वारा नव्हता, त्यांनी पाठमालेचेच बोट धरले.

त्या काळी मुले आधी मराठी चार यत्ता करीत आणि मग 'इंग्रजी पहिली'त बसत. 'इंग्रजी सातवी' म्हणजे मॅट्रिक. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी हे शब्द अनेकांनी ऐकले असतील. या व्यवस्थेचे दोष पुष्कळ होते. इंग्रजी पहिलीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत ती मुले थोडी आणि बहुधा वरच्या जातींची. परंतु तिच्यात एक शहाणपण होते. ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत वाचता, लिहिता व विचार करता येतो, त्याच्या हाती दुसरी भाषा द्यावयाची.

दारात अडविलेल्यांना इंग्रजीचे मोल अधिक कळले यात नवल नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे असा आग्रह धरला. संस्कृतचे दार ज्यांना बंद होते त्यांना हे नवे दार उघडे दिसले. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे 'मिलिंद' या नावाने प्रसिद्धी पावले. आज आपल्या धर्मग्रामातील बाप म्हैस विकून मुलीला इंग्रजी शाळेत घालतो तेव्हा त्याला हसणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. त्याची भूक खरी आहे. प्रश्न आहे तो त्याच्या ताटात काय वाढले जाते हा.

निजामी मुलुखातील तिहेरी ओझे

मुंबई इलाख्यात हे चालले असता आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. उदगीर व अहमदपूर हे जळकोटच्या शेजारचे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. शाळांनाही तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी नावे. म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि त्यावरची. खालच्या वर्गांत मातृभाषेला थोडीफार जागा असे. पुढे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर वैद्यकासह सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचा प्रयोग केला. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले आणि शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय होता.

या प्रयोगाकडे न्यायबुद्धीने पाहावयास हवे. आधुनिक ज्ञान भारतीय भाषेतून देता येते, हे उस्मानियाने सिद्ध केले. ज्यांची मातृभाषा उर्दू त्यांचे त्यात कल्याण झाले. परंतु मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना त्याचा उपयोग काय? मराठवाड्यातील मुलाने घरी मराठी बोलावयाची, शाळेत उर्दू वाचावयाची आणि वर इंग्रजी घोकावयाची. दोन परक्या भाषांच्या मध्ये त्याची स्वतःची भाषा चेपली गेली. म्हणूनच हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी संस्था यांसारख्या मराठी शाळा हा त्या काळी केवळ शिक्षणाचा प्रश्न राहिला नाही. स्वामी रामानंद तीर्थ आधी या शाळांत शिक्षक होते, मग मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, यात मोठा अर्थ आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. शाळांचे माध्यम पालटले. आमच्या यजमानांचे पणजोबा या संधिकाळातील. त्यांचे उर्दू अर्धे राहिले, मराठी अर्धे आणि इंग्रजी तर सुरूच झाले नाही. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरता शेकडा दहाच्या आतच होती. ज्या अक्षरांचा अर्थ कळत नाही ती अक्षरे लवकर विसरली जातात, याचाही त्यात वाटा असावा असे आम्हांस वाटते.

आठवी, पाचवी, पहिली

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास म्हणजे इंग्रजी कोणत्या यत्तेत सुरू करावे या वादाचा इतिहास. बाळासाहेब खेर यांच्या काळात मुंबई राज्याने इंग्रजी मागे सारून आठवीपासून ठेवले. हेतू उदात्त होता. मातृभाषेत पाया पक्का व्हावा. परिणाम मात्र असा झाला की, पैसेवाल्यांची मुले खासगी शाळांतून इंग्रजी शिकत राहिली आणि गरिबांची मुले महाविद्यालयाच्या दारात गोंधळून उभी राहिली. पुढे इंग्रजी पाचवीपासून आले. मग २००० सालच्या जूनमध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रातील सर्व शाळांत ते पहिलीपासून सुरू झाले. त्या निर्णयावर टीकेची राळ उठली. कोणी म्हणाले, मराठी मरेल. कोणी म्हणाले, गरिबाला न्याय मिळाला.

आज पंचवीस वर्षांनी मागे वळून पाहता दोन्ही भाकिते अर्धीच खरी ठरल्याचे दिसते. यत्ता बदलली, रीत बदलली नाही. जे मूल पूर्वी पाचवीत अर्थावाचून घोकीत असे ते आता पहिलीत घोकू लागले. शिवाय ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांना फी नको होती, तेथील पटसंख्या रोडावली आणि फाट्याफाट्यावर 'इंग्लिश स्कूल'च्या पाट्या झळकल्या. त्यांतील काही शाळा चांगल्या आहेत. पुष्कळ शाळांत मात्र शिकविणारी ताई स्वतःच इंग्रजीला भ्यालेली असते, आणि भ्यालेल्या माणसाला पाठांतराचाच आधार.

किती शब्द पुरे?

या बाबतीत जगाने जे शिकून ठेवले आहे ते आपण पाहू. ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट यांना १९२०च्या दशकात असे दिसले की, बंगाली मुलांच्या हाती पडणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत नव्या शब्दांची इतकी गर्दी असते की मूल एकही वाक्य सुखाने वाचू शकत नाही. त्यांनी नवी वाचनमाला रचली. तिच्यात नवे शब्द मोजून पेरले आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटत राहील अशी तजवीज केली. १९५३ साली त्यांनी सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्याआधी १९३० साली सी. के. ऑग्डेन यांनी तर अवघ्या ८५० शब्दांत इंग्रजीचा संसार मांडून दाखविला होता. त्यांत क्रियापदे जेमतेम अठरा. 'हॅव' हे त्यांपैकीच एक. ऑग्डेन यांची योजना फार चालली नाही, परंतु थोडक्या शब्दांत पुष्कळ बोलता येते हा तिचा धडा टिकला. आपल्या देशातही १९५८ साली हैदराबादेस इंग्रजी अध्यापनाची मध्यवर्ती संस्था निघाली, आणि १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील काही साध्या शाळांत असे करून पाहिले की व्याकरणाचे नियम घोकावयास न लावता मुलांना इंग्रजीतून लहान लहान कामे द्यावयाची; नकाशा पाहून वाट सांगणे, वेळापत्रक वाचणे. मुले अर्थाच्या मागे लागली की व्याकरण त्यांच्यामागून येते, असा त्यांचा अनुभव.

या सर्वांच्या सांगण्यात एक सूत्र आहे. शब्द थोडे असोत, पण ते मुलाच्या जगातले असोत. आणि ते पुन्हा पुन्हा कामात यावेत. जळकोटच्या मुलीने प्रथम 'ॲपल' का शिकावे? तिच्या डोंगराला सीताफळे आहेत, दारात शेळी आहे, शेतात तूर आहे. 'झेब्रा' तिने पाहिला नाही आणि पाहण्याचा संभवही थोडा. 'गोट', 'वेल', 'ट्री', 'रेन', 'मदर', 'वॉटर' हे शब्द तिला आज संध्याकाळीच वापरता येतील.

मात्र मुलाच्या भाषेतून जाणे म्हणजे इंग्रजीचा साचा मराठीवर दाबून बसविणे नव्हे, हेही सांगावयास हवे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची 'वीस एक', 'वीस दोन' अशी नवी रीत दिली गेली आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी की, 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो आणि लिहिताना वीस आधी, याने मुले गोंधळतात. अडचण खरी होती. उपाय लोकांना रुचला नाही, कारण 'एकवीस' हा घरातला शब्द होता. इंग्रजी 'ट्वेंटी वन' शिकविताना ही अडचणच धडा ठरू शकते. 'आपण एक आधी म्हणतो, ते वीस आधी म्हणतात' एवढे सांगितले की मूल हसते आणि लक्षात ठेवते.

या दृष्टीने दोन गोष्टी आम्हांस आशादायक वाटतात. एक, २०२१ पासून राज्याने लहान मुलांसाठी मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी देणारी द्विभाषिक पुस्तके आणण्यास सुरुवात केली. दुसरी, सातारा जिल्ह्यातील फलटणचा अनुभव. मूळच्या अमेरिकन असलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी तेथे प्रगत शिक्षण संस्था उभारली. १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा त्या बाईंनी वस्तीतील मुलांना सर्वप्रथम काय शिकविले, तर मराठी वाचावयास! फादर स्टीफन्स यांच्या वाटेवरचाच हा प्रवास नव्हे काय?

आमचा वाटा

येथवर दोष इतरांना दिले. आता आमच्या पदरात घालावयाचे ते घालून घेऊ. आपल्या श्रद्धावंतांपैकी किती जणांना आम्ही धर्मगुरूंनीच सांगितले आहे की, "कर्ज काढा, पण मुलांना इंग्रजी शाळेत घाला"? या यजमानांनाही ते आम्हीच सांगितले होते. ती म्हैस आमच्या शब्दावर विकली गेली होती. घरी इंग्रजीचे एक अक्षर नसलेल्या मुलीला तेथे कोण समजावून देणार, हे आम्ही विचारले नव्हते.

आणि हे आम्हांस कळावयास हवे होते. कारण अर्थावाचून पाठांतर म्हणजे काय हे ख्रिस्तसभेइतके कोणी अनुभवलेले नाही. आपल्या आजी-आजोबांनी मिस्साची लॅटिन उत्तरे तोंडपाठ म्हटली. त्यांची श्रद्धा थोर होती, उच्चारही चोख असत. अर्थ मात्र बहुतेकांच्या हाती नव्हता. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, आणि आपण मराठीत मिस्सा ऐकू लागलो. लॅटिनचा मान त्याने कमी झाला नाही. उलट मराठीतून अर्थ कळल्यावरच काहींना लॅटिनची गोडी लागली. जो न्याय आपण वेदीपाशी स्वीकारला, तोच मुलांच्या पाटीपाशी नाकारणे योग्य होईल काय?

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही रविवारच्या मिस्सानंतर व्हरांड्यात तासभर मुलांना घेऊन बसतो. महिन्यातून एकदा जळकोटकडच्या त्या घरीही जाऊन येतो. दीडशे शब्द निवडले आहेत, सारे मुलांच्या घरातले आणि रानातले. नियम मराठीतून सांगतो. एका मुलाने विचारले, "फादर, मी एकटाच आहे, मग 'यू इज' का नाही? 'यू आर' का?" आम्ही सांगितले, 'यू' म्हणजे मुळात 'तुम्ही'. 'तू'साठी इंग्रजीत पूर्वी वेगळा शब्द होता. प्रभूच्या प्रार्थनेतील 'दाय' हा त्याच घराण्यातला, कारण देवाला आपणही 'तू'च म्हणतो. पुढे इंग्रज लोक सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणू लागले, म्हणून 'तुम्ही आहात' तसे 'यू आर'. मुलगा म्हणाला, "म्हणजे ते शेळीलाबी तुम्ही म्हणतेत?" व्हरांडा हसला. हा हशा आमच्या सेमिनरीतील हशाहून निराळा होता. तो नियम ती मुले आता विसरणार नाहीत.

गेल्या महिन्यात त्या घरी गेलो, तेव्हा पणजोबा खाटेवर होते. मुलीच्या हातात आम्ही तिचे पुस्तक दिले आणि म्हटले, "दिस इज माय बुक, असे म्हण." ती थबकली. मराठवाड्यात आईला माय म्हणतात. तिने विचारले, "मायचं पुस्तक? मायला तर वाचायला येत नाही." आम्ही सांगितले, इंग्रजीत 'माय' म्हणजे 'माझे'. तिने पुस्तक छातीशी धरले आणि म्हणाली, "माय बुक." मग धाकट्या बहिणीकडे बोट दाखवून, कोणी न विचारता, तिचे नाव सांगत म्हणाली, "माय सिस्टर."

पणजोबांनी विचारले, "काय म्हणाली?" तिने त्यांना मराठीत समजावून सांगितले.